जोडाक्षर

बाबा विहाराच्या मागच्या भिंतीला गिलावा करत होते,
आत कुणी पाहुणे भन्ते बोलत होते.
बाबांना अर्धंच ऐकू आलं, उरलेलं थापीच्या आवाजात गेलं.
त्या अर्ध्यातला एक शब्द त्यांनी उचलला
आणि विसरू नये म्हणून
टेका नाक्यापासून घरापर्यंत
पायडलागणिक म्हणत आले,
तक्ष, शिला. तक्ष, शिला.
पानठेल्यावरच्या लोकांना वाटलं
मिस्त्री उधारीचा हिशेब करून राहिला.

ताई तेव्हा तीन दिवसांची.
आजीने नाव आधीच काढून ठेवलं होतं, धोंडी.
वाईट नावाला मरण शिवत नाही, हा तिचा अनुभव.
वरची तिघं गेल्यावर तिने चौथ्याचं नाव कचरू ठेवलं,
आणि तो जगला, गवंडी झाला,
आता दारात सायकल धरून उभा होता.
आजीने विचारलं, "शिला म्हणजे धोंडाच ना?"
"हाव."
"मंग ठेव."

तक्षशिला कचरू टेंभुर्णे.
हजेरी घेताना मधल्या नावाशी मास्तर खाकरायचे,
मागच्या बाकावर कुणीतरी हसायचं.
बाबा हातावरचं सिमेंट न धुता शाळेत गेले.
"गुरुजी, माझं पुरं नका लिहू.
नुसता क टाका."

आईला अक्षर नव्हतं.
रेशनच्या कार्डावर बाबूने काहीतरी भलतंच लिहिलं,
ते बरंच तोकडं दिसलं म्हणून आई म्हणाली, चुकलं.
बाबू म्हणाला, तुला वाचता येते?
त्या रात्री ती ताईच्या पाटीशी बसली.
अ नाही, आ नाही,
आई पहिलं अक्षर शिकली ते क्ष.
महिनाभर चुलीमागच्या भिंतीवर
कोळशाचे क्ष, काही उलटे, काही लंगडे.
मग पुन्हा त्या खिडकीत गेली, आणि
बाबूच्याच पेनाने लिहून दाखवलं.

बाबांची मोहाची सुटली तीही अशीच.
दोन गिलास झाले की हे नाव जिभेवर चढायचं नाही.
दारात उभे राहून तश्शी, टकशी, तक्कशि...
ताई आत गणितं सोडवत बसायची.
"ते माझं नाव नाही."
एका झटक्यात नाही सुटली, दोन वर्षं गेली,
मधे एकदा नालीत पडून हात मोडला.

सातवीत तिला कळलं,
तिथे आता पडके चौथरे आहेत, बस.
रडत घरी आली. बाबा जेवत होते.
"इटा आहेत ना जागेवर?"
"आहेत."
"मंग झालं," म्हणाले, आणि भात कालवला.

ती कुणी विद्वान झाली नाही.
सांगायला हवं, नाव ऐकून लोक तसं धरून चालतात.
बारावीला दोनदा नापास.
दुसऱ्या वेळी वस्तीतल्या बाया भेटायला आल्या,
जसं काही घर पडलं होतं.

मी विक्की. माझ्या वेळी बाबांकडे चार साइटी होत्या,
नाव शेजारच्या पोट्ट्याने ठेवलं.
त्या नावाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.
मी आरामात वाढलो.
जरा जास्तच आरामात.

ताई आता झोन ऑफिसात, जन्मनोंदणीच्या खिडकीत, कंत्राटी.
नवे बाप मोबाइलवरून शोधलेलं नाव घेऊन येतात.
ताई पेन थांबवते. "घरात सगळ्यांना म्हणता येते का?
एकदा म्हणून दाखवा."
बाप लाजतो, म्हणतो.
मागे उभी म्हातारीही ओठ हलवून बघते.

बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात
तिचं ओळखपत्र नवं निघालं.
पोरगा म्हणाला, मॅडम, नाव बसत नाही,
मधलं नुसतं क करू?
"नाही," ताई म्हणाली,
"अक्षर बारीक करा.
आणि रू दीर्घ आहे, तेवढं बघा."